उद्या, मग

रात्री अडीचला यादी संपली.
चोचोच्या दाण्यातल्या प्रथिनांचे चारशे बारा तुकडे,
यंत्रानं एकेक उचलून विषाणूच्या एका खाचेत बसवून पाहिला,
वळवून, उलटा करून,
जुन्या बुटांच्या ढिगापाशी बसून
एकाच पायाला एकेक बूट चढवून बघावा तसा.
बसला, तर उणे आकडा.
जितका उणा तितका चांगला.
फाउस्ता मावशीला हे एकदा समजावलं होतं.
ती म्हणाली, म्हणजे माझ्या उधारीच्या वहीच्या उलट.

वारासच्या विद्यापीठात ही एकच खोली उबदार,
तीही यंत्रांसाठी.
खिडकीबाहेर अंधारात बर्फाचे डोंगर, आहेत असं धरून चालायचं.

एकशे सत्त्याऐंशी नंबरचा तुकडा सगळ्यांच्या वर आला.
सात अमिनो आम्लं. उणे नऊ पूर्णांक एक.
मी कुणालाच उठवलं नाही.
पोटानं नेमकी तिथंच कात्री चालवली तर,
आतड्यानं तो अख्खा आत घेतला तर,
रक्तात मिनिटभर टिकला तर.
प्राध्यापक ताराझोना प्रत्येक मसुद्यात लाल पेनानं घालतात:
औषध नव्हे, आजाऱ्याला आधार.
आधार हा शब्द ते दोनदा अधोरेखित करतात,
आणि मला दर वेळी तो
दुखऱ्या गुडघ्याखालच्या उशीसारखा दिसतो.

मावशीच्या तापाचा तो अकरावा दिवस.
ताप उतरत होता, पण तोंडाची चव गेली ती गेलीच.
मीठ नाही, लिंबू नाही, लसूण नाही.
इतरांची गेली तर जेवण बेचव होतं.
तिची गेली म्हणजे धंदा बसला.
चाळीस किलो चोचो, उकडून, पोत्यांत भरून,
दगडाखाली दाबून वरच्या ओढ्यात ठेवलेले.
पाणी त्यातला कडवटपणा दिवसेंदिवस काढत नेतं.
किती गेला, किती उरलाय,
हे तीस वर्षं फक्त तिच्या जिभेनं ठरवलं.
घाईनं काढलेले दाणे खाल्ले
की हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते;
बाजारात तिच्या पोत्याबद्दल असं कुणी कधी म्हणालं नाही.

मी परत यादीकडं पाहिलं.
दाण्याची सगळी अक्षरं तिथं होती,
एका ओळीत, शिस्तीत, न भिजलेली.
ओढा कुठंच नव्हता.
पाणी कडूबरोबर आणखी काय काय घेऊन जातं
हे विचारायला रकानाच नव्हता.
एकशे सत्त्याऐंशी पोत्यात अजून आहे,
की कालच खालच्या शेतांत पोचला?

सकाळी यंत्र बंद न करताच निघाले.
वर जाईपर्यंत बोटं बधिर झाली.
ओढ्याच्या कडेला काचेसारखा पापुद्रा,
शेजारचा एर्मिलियो गाढवाला शिव्या देत उतरत होता,
मला बघून म्हणाला, डॉक्टरीणबाई, पोत्यांना तपासायला आलात?
हो म्हणाले. खोटं नव्हतं.
पोत्याची गाठ सुटेना, दातांनी सोडवली.
एक दाणा घेतला, चिमटीत दाबून साल काढली, चावला.
आधी काहीच नाही. नंतर पिठूळ, थंड.
मग गिळता गिळता एक कोपरा उठला.

तिला फोन लावला.
आवाज बसलेला, पण प्रश्न तयारच:
कडू लागतंय? कुठं? जिभेच्या टोकाला की मागं?
अजून एक चावले. डोळे मिटले.
कधी कुठल्या आकड्याचं इतकं ओझं वाटलं नव्हतं.
मागं, म्हणाले. अगदी मागं. थोडंसं.
खात्री आहे?
नाही, म्हणाले. मग तिसरा चावला. आहे.

पलीकडं वाटीत चमचा फिरल्याचा आवाज.
मागच्या आठवड्याचे चोचो कुस्करून, कांद्याच्या पाण्यात;
चव नसताना ती ते खात होती,
कामगारानं भिंत रचावी तसं, घासावर घास.
अर्धी वाटी गेली, म्हणाली.

उद्या काढू, मग.
आणि दगड नीट ठेव. तुझे कधीच नीट बसत नाहीत.